साठाला एक उणा

एका तारेतून तीन वाटा कशा काढायच्या? एरवी हे कोडं मला आवडलं असतं. पण त्या दुपारी माझी आई समुद्राच्या तळाशी होती आणि तिची हवा संपत चालली होती.

आई वेंगुर्ल्यासमोरच्या पाणघरात (समुद्रतळावरच्या बंद प्रयोगशाळेत) राहून प्रवाळांचा अभ्यास करते. किनाऱ्यावरच्या खोलीतून आजोबा, म्हणजे आईचे बाबा, तिला नळीने हवा पुरवतात. पाणघरातून आमच्या खोलीत दोन तारा येतात. निळीतून माशांची चित्रं आणि आईचा आवाज येतो. लाल तार फक्त हवेची. खालचा दाब ती पंपाला सेकंदाला दहा वेळा कळवते. तोंडी सांगून ते भागणारं नाही. त्या दिवशी कुठल्याशा ट्रॉलरच्या नांगराने लाल तार तोडली. दाब कळेना, म्हणून पंप थांबला. खाली चाळीस मिनिटांची हवा उरली होती, आणि एवढ्या खोलीवरून झटकन वर येणं शरीराला सोसत नाही.

"हवेचे निरोप निळ्या तारेतून आणूया," आजोबा म्हणाले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "नीरजा, टाइप तू करायचंस."

"पण चित्रांच्या गर्दीत ते हरवले तर?"

"एकाच एसटीतून दहा गावांची पार्सलं जातात ना? प्रत्येकावर चिठ्ठी असली की झालं. आपल्या राउटरला (निरोपांना वाट दाखवणाऱ्या यंत्राला) निळ्या तारेसाठी खरं दार एकच आहे. त्यात आपण मानलेली दारं करायची. त्यांना म्हणतात सब-इंटरफेस. चित्रांच्या दाराचा नंबर दहा, आवाजाच्या दाराचा वीस. ती आधीपासून आहेत. आता तिसरं हवेचं. निरोपावर जो नंबर, त्याच दारातून तो आत येणार."

"आणि नंबर चुकला तर?"

"तर कुठलंच दार त्याला आत घेणार नाही. दोन्हीकडे नंबर एकच हवा."

स्पीकर खरखरला. "बाबा, इकडच्या स्विचवर (तारा जोडायच्या पेटीवर) मी हवेला एकोणसाठ दिलाय," आई म्हणाली. "नीरू, आटप गं."

मी टाइप केलं. आजोबा पंपाच्या काट्याकडे डोळे लावून उभे होते. काटा हलला नाही.

"खरं दार बंद नाही ना? ते बंद असलं तर आतली सगळीच बंद."

"उघडं आहे. आईचा आवाज येतोय की!"

मी परत टाइप केलं. काटा जागच्या जागी. तेवीस मिनिटं उरली. आई मध्ये थांबून थांबून बोलायला लागली, तशी मला रडूच फुटलं.

"रड, पण वाच," आजोबा म्हणाले. "सगळे नंबर, मोठ्याने."

"दहा. वीस. सहावर नऊ एकोणसाठ."

आजोबा गर्रकन वळले. "काय म्हणालीस? अगो, एकोण म्हणजे एक उणा! साठाला एक उणा म्हणजे किती?"

हेच आकडे पाठ करायला आई दर सुट्टीत मागे लागायची आणि मी "कोण बोलतं असं?" म्हणून पळायचे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजायलाही वेळ नव्हता.

"पाचावर नऊ," मी म्हणाले. बोटं दोनदा चुकीच्या बटणावर पडली. तिसऱ्यांदा आकडा बसला.

पंप खोकला, थांबला, परत खोकला. मग काटा हळूहळू वर सरकायला लागला. आजोबा मटकन खुर्चीत बसले.

"हवा आली," आई म्हणाली.

मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी शेजारी दुसरं पाणघर येतंय. त्यालाही याच तारेत एक दार लागेल. नंबर तू ठरव."

"एकोणऐंशी," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"सातावर नऊ."

"परत सांग," आई म्हणाली.

मी परत सांगितलं.