एक बाजू बाकी

२०१९ सालचा हिवाळा. जानेवारीचा दुसरा शुक्रवार, दुपारचे साडेतीन. वहिनी कळवून आल्या होत्या, त्यामुळे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला पळवाट उरली नव्हती.

वहिनी म्हणजे त्याच्या मित्राची बायको. मित्र व्हायोलिन वाजवायचा. त्याला जाऊन तीस वर्षं झाली.

"तुमचं टेपचं मशीन तीस वर्षं बिघडलेलंच," खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या. "दुकान कसं चालवलंत हो, भाऊजी?"

"दुसऱ्यांची मशीनं चालवून."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "उजवा कान गेला. डावा उन्हाळ्यापर्यंत जाईल, असं डॉक्टर म्हणतात. त्याआधी ह्यांची कॅसेट एकदा ऐकवा. मग काही मागणार नाही."

टेबलावर नातीने दिलेला कॉम्प्युटर होता. शेजारी साउंड कार्डाचा डबा. डब्यात आवाज शिरायला दोन वाटा, प्रत्येकीवर आवाज आला की लागणारा एक दिवा. जोडणी त्याने कागदावर पेन्सिलीने काढली होती. टेपरेकॉर्डरमधून पहिल्या वाटेने डब्यात, तिथून कॉम्प्युटरमध्ये, परत डब्यात, मग हेडफोनमध्ये. प्रत्येक वायरीवर बाण. बाण काढल्याशिवाय तो वायरीला हात लावत नसे.

ही सवय त्याला एका चुकीने लावली होती. मित्राने आपल्या वादनाची एकुलती एक कॅसेट आणली होती. बायकोसाठी तिची नक्कल हवी होती. ह्याने दोन मशीनं जोडली आणि कॅसेटी उलट घातल्या. कोरी वाजत राहिली, आणि तिची शांतता मित्राच्या कॅसेटवर भरत गेली. पूर्ण अर्धा तास, कॅसेटची एक अख्खी बाजू.

मित्र रागावला नाही. "एक बाजू तुझ्याकडे बाकी," म्हणाला. "सावकाश दे." महिन्याभरात तो गेला.

म्हाताऱ्याने हेडफोन वहिनींच्या कानांवर बसवले आणि कॅसेट सुरू केली. पहिल्या वाटेचा दिवा लागला नाही.

"भाऊजी, काही येत नाही…"

"येणार नाही. कोरी आहे. माझ्याच हातून पुसली गेली."

वहिनी त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या. "आणि तीस वर्षं मला…"

"हो."

त्यांनी हेडफोन काढायला हात वर नेला. तेवढ्यात दुसऱ्या वाटेचा दिवा हिरवा झाला.

त्या वाटेला काहीच जोडलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने टेपरेकॉर्डरची वायर उपटली. मग त्याची वीजही काढली. दिवा तसाच कमी-जास्त उजळत राहिला, संथ, श्वास घेतल्यासारखा. खोलीत राळेचा वास आला. मित्र वाजवण्याआधी व्हायोलिनच्या गजाला राळ घासायचा.

"थांबा, वहिनी… काढू नका."

आवाज कुठून येतोय हे त्याला कळेना. पण आलेल्या आवाजाला वाट कशी द्यायची, हे त्याने जन्मभर केलं होतं. त्याने कागदावर नवा बाण काढला. दुसऱ्या वाटेतून कॉम्प्युटर, तिथून वहिनींचा डावा कान. बाणाच्या मागची जागा मोकळी सोडली. मग तशी जोडणी लावली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

वहिनींचा हात खाली आला. खोलीत चिडीचूप, पण त्यांचं पाऊल फरशीवर ठेका धरू लागलं. मध्येच भिंतीवरच्या घड्याळाने चार ठोके दिले. चौथा नेहमीसारखा अडखळत.

शेवटी दिवा विझला. वहिनींनी हेडफोन अलगद टेबलावर ठेवले.

"आधी खोकले," त्या म्हणाल्या. "मग वाजवलं. सवयच होती." उठताना त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला. "येते, भाऊजी."

त्या गेल्यावर त्याने हेडफोन लावले. खोकला. मग व्हायोलिन. आणि मध्येच, व्हायोलिनच्या मागे, घड्याळाचे चार ठोके. चौथा अडखळत.

खोलीत माईक नव्हता.

त्याने रेकॉर्डिंगची लांबी पाहिली. तीस मिनिटं. एक बाजू.

देणं फिटलं.