गाडीच्या पोटात कणकेची गोळी

"या माणसाला कोणी काही सांगायचंच नाही!" आजी पायरीवरूनच कडाडली. "तीनदा गिअरबॉक्स उतरवला, तीनदा चढवला, पण मोजपट्टीला हात लावेल तर शपथ! वर पोरांवरच खेकसतो!"

हा माणूस म्हणजे भिंगरीचा मामा. घराखालीच त्याचं गॅरेज होतं. सुट्टीला आलेली भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू सकाळपासून तिथेच घुटमळत होते. नर्सबाईंच्या गाडीचं इंजिन पार गेलं होतं, म्हणून मामानं दुसऱ्या मॉडेलचं इंजिन घातलं. गिअरबॉक्स मात्र जुनाच. उद्या सकाळी सातला नर्सबाई त्याच गाडीतून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना इंजेक्शनं द्यायला निघणार होत्या. मामानं शब्द दिला होता!

आणि गाडी? इंजिन झकास सुरू व्हायचं. पण क्लच तळापर्यंत दाबूनही गिअर टाकला की... कर्रर्र!

मामा उलट्या खोक्यावर मटकन बसला. एरवी शीळ घालत काम करणारा मामा नुसता आपल्या काळ्या हातांकडे बघत होता.

"मामा, क्लच दाबला की आत काय होतं रे?" ढब्बूनं विचारलं.

"बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची बोटं दाबतं, मग इंजिनाची आणि गिअरबॉक्सची पकड सुटते. कळलं? आता पळा, लुडबूड नको!"

"पण ते बोटांपर्यंत पोचतं का?"

"न पोचायला काय झालं? बेअरिंग ते बेअरिंग!"

मामा नर्सबाईंना फोन करायला बाहेर गेला. भिंगरीनं दारातून पाहिलं. नंबर लावायचा आणि घंटा वाजायच्या आत बंद करायचा! दोनदा, तीनदा...

"ढब्बू, आपण बघायचं?"

"मामा सोलून काढेल!"

"काढू दे!"

गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर भक्कम उभी होती. भिंगरीनं आधी किल्ली काढून खिशात टाकली. मग धावत वर जाऊन आजीच्या परातीतली चिमूटभर कणीक आणली. गिअरबॉक्सच्या कुशीला एक रबरी झाकण होतं. ते तिनं काढलं. त्या भोकातून मामाचा पंजा आत गेला नसता, पण तिचा हात अलगद गेला. कणकेची बोटभर जाड गोळी तिनं बेअरिंगच्या तोंडाला चिकटवली आणि हात बाहेर घेतला. ढब्बू सीटवर चढून क्लचवर पाय ठेवून तयारच होता.

"दाब! तळाला टेकव! आता सोड!"

तिनं पुन्हा हात घालून गोळी बाहेर काढली. जशीच्या तशी, गुबगुबीत!

मामा परतला तेव्हा तिनं तळहात पुढे केला.

"हे काय नवीन?"

"तुझं बेअरिंग बोटांना शिवलं असतं, तर ही गोळी चपटी झाली असती, मामा!"

मामानं गोळी उचलून उलटसुलट पाहिली. "म्हणजे... बेअरिंग बुटकं पडतंय! अरे, या इंजिनाबरोबर आलेलं दुसरं होतं ना फळीवर!"

डबे उपसले, खण उपसले, टेबलाखाली रांगून झालं. नाही म्हणजे नाही! दुकानं उद्या दहाशिवाय उघडणार नव्हती. मामा पुन्हा खोक्यावर बसला. आता कोणाच्याच हातात काही नव्हतं.

भिंगरीला मात्र मघाशी कणीक आणताना स्वयंपाकघरात दिसलेलं काहीतरी आठवलं.

"आजी... तू त्या खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत काय अडकवलंयस गं?"

"ते होय? काल गॅरेजची फळी पुसली तेव्हा तसली दोन दिसली. म्हटलं, एक जास्तीचंच असणार..."

आजी बोलता बोलता थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच!

दोन्ही बेअरिंगं शेजारी ठेवली. खिडकीतलं चांगलं बोटभर उंच! चौथ्यांदा गिअरबॉक्स उतरला, चौथ्यांदा चढला. दिवेलागणीला मामानं क्लच दाबून पहिला गिअर टाकला. हूं की चूं नाही!

गाडी न्यायला नर्सबाई स्वतःच आल्या. सगळं ऐकून त्यांनी दोघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! उद्या माझे पेशंट तुमच्यामुळेच भेटणार मला!"

"तरी मी म्हणतच होतो," मामा शीळ घालत म्हणाला, "बेअरिंगमध्येच काहीतरी..."

"थांब!" आजी पायरीवरून खाली उतरली. "बेअरिंग मी उचललं, ते चुकलं माझं. एकदाच सांगते, पुन्हा ऐकायला मिळणार नाही! पण हाताला आलं ते न मोजता तीनदा बसवलंस तू. उद्यापासून मोजपट्टी भिंगरीच्या हातात. आणि लुडबूड हा शब्द तोंडातून निघाला, तर गॅरेजची किल्लीही तिच्याच हातात!"