फियाटचा हीटर

नागपुरात हुडकेश्वरला धम्मानंदच्या घरापुढच्या पोर्चमध्ये एक पांढरी फियाट उभी असते. गाडी वयाने त्याच्याहून थोडी मोठी आणि, त्याची माय चिडवते तसं, त्याच्याहून जास्त लाडाची. त्याच्या वडिलांनी, लहानूजींनी, ती जुनीच विकत घेतली होती आणि शेवटपर्यंत नव्यासारखी सांभाळली. रेल्वेत फिटर म्हणून जन्म काढलेला हा माणूस स्वतःच्या गाडीला पाना लावताना मात्र दहादा विचार करायचा. त्यांनी गाडीत रेडिओसुद्धा बसवू दिला नाही. "भोक पाडाले मिनिट लागते," ते म्हणायचे, "बुजवाले जल्म पुरत नाई."

लहानूजींना जाऊन तीन हिवाळे झाले. धम्मानंद मौद्याकडच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळतो, त्यामुळे उष्णतेशी त्याची रोजची देवाणघेवाण. उष्णता आपोआप येत नाही, ती कुठून तरी आणावी लागते, हे त्याचं लाडकं वाक्य. ते ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते.

माय, म्हणजे पार्वतीबाई, हिच्या छातीने अलीकडे संप पुकारला होता. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडीत घराबाहेर पडायचं नाही. आणि मायला एकच हौस होती, तीही नेमकी थंडीतली. पूर्वी हिवाळ्यातल्या दर रविवारी सकाळी लहानूजी तिला फियाटमधून फुटाळा तलावावर न्यायचे. ती पुढे त्यांच्या शेजारी बसायची आणि लहानगा धम्मा मागे, बाबांच्या पाठीशी. बाबांचे खांदे दारासारखे रुंद. पुढचं काही बघायचं तर त्याला मान डावीकडे कलती करावी लागायची.

"औंदा नाई जमलं तं पुढच्या साली कोन पाह्यलं," माय एकदा शेंगदाणे सोलता सोलता सहज म्हणाली. ते सहज बोलणं धम्मानंदच्या काळजात रुतून बसलं. त्याच आठवड्यात त्याने गाडीला हीटर बसवायचं ठरवलं.

"कायले गा हीटर?" माय म्हणाली. "तुह्या बाबाच्या टायमाले गाडी गरमच राहे."

"माय, या गाडीत हीटर कधीच नव्हता."

"मले काय समजते हीटर-फिटर. गरम राहे, एवढं मले माहीत आहे."

तो हसला. म्हाताऱ्या माणसांना जुने दिवस नेहमीच उबदार आठवतात, असं त्याने मनाशी म्हटलं आणि कामाला लागला.

काम तसं सोपं होतं. इंजिनातलं गरम पाणी रबरी नळीने डॅशबोर्डखालच्या एका छोट्या पेटीत आणायचं, पंख्याने त्यावरून वारा सोडायचा आणि पाणी परत इंजिनात पाठवायचं. अडचण एकच, बाबांचा शब्द. धम्मानंद टॉर्च घेऊन दोन संध्याकाळी गाडीच्या पोटात शिरून बसला, आणि इंजिनामागच्या पत्र्यात त्याला रबरी बुचं लावलेली दोन गोल भोकं सापडली. थंड मुलखातल्या गिऱ्हाइकांसाठी कारखान्यानेच ती ठेवलेली असावीत. नागपूरच्या उन्हात त्यांची आठवण कोण काढणार? त्याने बुचं काढून स्टीलच्या डबीत जपून ठेवली. पेटी जुन्याच बोल्टांवर बसली. एक नवा ओरखडासुद्धा उठला नाही. त्या दिवशी तो शीळ घालत जेवायला बसला.

मदतीला जागेश्वरकाका येत. ते उमरेडच्या विणकर घरातले. माग बंद पडल्यावर गाड्यांच्या सीटा शिवायला लागले, आणि फियाटची पुढची लांबलचक सीट त्यांच्याच हातची. लहानूजींशी त्यांची मैत्री घट्ट आणि भांडणं रोजची.

रविवारी सकाळपर्यंत पेटी बसली होती, पण नळ्या यायच्या होत्या. माय शाल पांघरून पोर्चमध्ये आली आणि दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने शाल खांद्यावरून खाली सोडली.

"चांगला चालून राहिला तुहा हीटर," ती म्हणाली.

"अजून जोडलाच नाही, माय."

"मंग?"

धम्मानंदने आत हात घातला. आत खरंच ऊब होती, थंडीत गोधडीत शिरल्यावर असते तशी. ऊन म्हणावं तर पोर्चचं तोंड पश्चिमेला. इंजिन कालपासून बंद. त्याने कामावरची तापमान मोजायची बंदूक आणून एकेक जागेवर धरली. काच थंड, छत थंड, पेटी थंड. ड्रायव्हरच्या जागेवर धरली तर आकडा अंगाच्या तापमानाच्या आसपास जाऊन थांबला. त्याने बंदूक झटकली, पुन्हा धरली. आकडा तोच.

"मांजर बसली असन," तो म्हणाला.

जागेश्वरकाकांनी सीटवर तळवा ठेवला. "हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे," असं म्हणून ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी हात उचलून धोतराला पुसला. "काचा तं बंद होत्या न गा राती?"

"होत्या."

चहासुद्धा काकांनी त्या दिवशी उभ्यानेच घेतला.

शनिवारी नळ्या जोडल्या. जोडांना लावलेला लेप सुकेपर्यंत पाणी जाऊ नये म्हणून काकांनी पेटीकडे पाणी सोडणारा इंजिनाजवळचा छोटा नळ बंद करून ठेवला आणि जाताना बजावलं, "सकाळी खोलजो बरं, नाईतं बसशीन कुडकुडत."

रविवारी सकाळी धुकं होतं. मायने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं, कानाला मफलर गुंडाळला. रिंग रोड लागेपर्यंत गाडी छान तापली. मायने आधी मफलर काढला, मग शाल. ती एकदाही खोकली नाही. वाटेत ती कुठल्या कुठल्या गोष्टी सांगत राहिली, एका रविवारी पंक्चर कसं झालं, पोह्यांवरच्या तर्रीचा डाग कसा पडला. धम्मानंदला इतका आनंद झाला होता की तो नुसता हूं हूं करत गाडी चालवत होता. आपण मायला तिची सकाळ परत दिली, असं त्याला वाटत होतं.

फुटाळ्यावर त्याने तलावाकडे तोंड करून गाडी लावली आणि नळ्या बघायला तो खाली उतरला. बाहेर हाडं गोठत होती. त्याने बॉनेट उचललं.

नळाची दांडी आडवी होती.

नळ बंद होता. काकांनी ठेवला होता तसाच. उघडायचं तो विसरला होता.

त्याने नळीला हात लावला. ती थंडगार होती. पेटीत गरम पाण्याचा थेंब गेलेला नव्हता. आख्ख्या रस्त्यात पंख्याने फक्त बाहेरचा गारठा आत ओढला होता.

नळाच्या दांडीवर त्याने बोट ठेवलं. मग तसंच काढून घेतलं.

परत येऊन त्याने ड्रायव्हरकडचं दार उघडलं. ऊब तोंडावर आली. मायने आपला हात त्या रिकाम्या जागेवर ठेवला होता.

"मागं बस थोडा वेळ, धम्मा," ती हळूच म्हणाली.

"काहून?"

"बस म्हटलं न. लहानपनी बसे तसा."

तिचा चेहरा शांत होता. कितीतरी महिन्यांत त्याने तिला इतकं सुखात पाहिलं नव्हतं. त्याने दार आवाज न करता लावलं आणि मागचं उघडलं.

मागेही छान उबदार होतं. सगळं विचारायला, तपासायला पुढे वेळ होता. माय समोर बघत कसलंसं गुणगुणत होती. फियाटच्या सीटला डोकं टेकायची उशी नसते. त्याच्यापुढे सीटची बुटकी पाठ होती, त्यापलीकडे स्टिअरिंग आणि काच, दुसरं काही नव्हतं.

पाण्यावरचं धुकं विरळ होऊ लागलं होतं. तो सुखाने तलाव बघत बसला, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो मान डावीकडे कलती करून बघतो आहे.

त्याने मान सरळ केली. तलाव दिसेना.