एक गाणं फुंकण्यापुरता श्वास

“ट्रंपेट फुंकलास तर तू मरशील का रे?”

दिपिकानं झेरॉक्सच्या दुकानात शिरताच कुंदनला विचारलं. बाहेर अनुष्का आणि कीर्ती एकमेकींना चिमटे काढत उभ्या. हे विचारून दाखवायची पैज त्यांचीच... आणि बारावीत आल्यापासून दिपिका कुठल्याच पैजेला घाबरत नव्हती!

कुंदननं मान वर केली. शिरढोणच्या ब्रास बँडमधला हा बारीक पोरगा. दोन महिन्यांपूर्वी फ्लूनं थेट आयसीयूत गेला होता. परत आल्यापासून वर्गात त्याच्या बाकावर कोणी बसत नव्हतं.

“मरेन,” तो गंभीरपणे म्हणाला, “पण तुझ्याकडे बघून. ट्रंपेटचं नाव उगाच खराब.”

दिपिकाचे कान तापले. “ए शाना! खरं सांग. विषाणू आहे का अजून तुझ्यात?”

“तो कधीच गेला गं. फुफ्फुसाची वाट लावण्यात माझ्याच टी पेशींचा हात होता.” त्यानं झेरॉक्ससाठी आणलेल्या जीवशास्त्राच्या प्रोजेक्टच्या पानावर बोट ठेवलं. “या बघ, मारक टी पेशी. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून शोधून मारतात. पण आजार फार वाढला ना, की कधीकधी... थांबतच नाहीत. फुफ्फुसालाच जखमा करून ठेवतात.”

“म्हणजे वाचवणाऱ्याही त्याच आणि मारायला उठलेल्याही त्याच?”

“हो ना. त्यातल्या थोड्या अजून तिथेच असतील, आठवण ठेवून. हा विषाणू परत आला तर लगेच ओळखतील.” तो हसला. “तुझ्यापेक्षा बऱ्या. तू इतके दिवस ओळखसुद्धा दाखवली नाहीस.”

खरंच की! तीही दोन बाक सोडूनच बसत होती... दिपिकाला स्वतःचाच भयंकर राग आला.

“बरं, चुकले. आता आमच्या निशाताईच्या हळदीला असं वाजव की—”

“मला काढलंय हळदीतून.”

“कोणी?”

पंख्यानं एक पान उडालं. दोघांनी एकदमच पकडलं—बोटांना बोटं लागली आणि कोणीच सोडलं नाही.

“तुझ्या बाबांनी. बँडमास्तरांना म्हणाले, हा फुंकून फुंकून मांडवभर रोग पसरवेल. डॉक्टरांनी परवानगी दिलीये, एका गाण्यापुरती. तेवढंच वाजवणार होतो... नवरीसाठी नाही. तिच्या बहिणीसाठी.”

दिपिका घरी पोहोचली तेव्हा अंगणात मांडव घालणं चाललं होतं. तिनं चपलाही काढल्या नाहीत.

“बाबा! डॉक्टरांनी बरा म्हटलेल्या पोराला काढणारे तुमी कोण?”

“अगो, कुंदनचं बोलतेस? घरात कार्य हाय. रोग नको म्हणून—”

“हळू बोल,” आई दटावू लागली, “मांडववाले ऐकतात.”

“ऐकू दे! तो मरता मरता वाचला, आणि आपण काय केलं? त्याची बदनामी! गेल्या वर्षी काकाच्या हळदीत तुमी तापानं फणफणत नाचलात, तेव्हा नाय पसरला रोग?”

बाबांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मांडववाल्यांचे हातोडे थांबले होते.

“मी ठरवलंय. कुंदन वाजवणार असेल तरच मी नाचणार. नाहीतर नवरीची सख्खी बहीण या इथं, मांडवाच्या मधोमध, खुर्ची टाकून बसेल... आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कारण सांगेल! आणि सोमवारपासून वर्गात मी त्याच्याच बाकावर बसणार. आई, बाबा, विचारत नाहीये मी. सांगतेय.”