निनावी लेखिकेची तिसरी कथा

कोकणातल्या एका कड्यावर उभ्या असलेल्या सर्जनपीठात वार्षिक अहवालाचं काम संपत आलं होतं. वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं होतं. अकरा अभ्यासवृत्तिधारक, त्यांच्या चार कादंबऱ्या, सहा चित्रपट, शिवाय परदेशातले तीन सन्मान. संचालिका डॉ. वासंती केळुसकरांना मात्र सकाळपासून एक प्रश्न छळत होता.

शाल्मली पेडणेकरच्या चित्रपटाला यंदाचा सर्वोच्च सन्मान मिळाला होता. खाडीवर होडी चालवणाऱ्या आपल्या दिवंगत वडिलांवर तिनं तो केला होता. आज सकाळी सत्काराच्या वेळी पडद्याकडे बघत तिनं हळूच विचारलं होतं, "बाई, हा म्हातारा कोण हो?"

वासंतीबाई तडक प्रयोगशाळेत गेल्या. स्मृतिमुद्रक यंत्र डॉ. इरफान मुकादमांनी घडवलं होतं. कलावंतानं टोप चढवून आठवत बसायचं, यंत्र ती आठवण थेट चित्रांत किंवा शब्दांत उमटवणार.

"मुकादम, पोरगी बापाला विसरलीय. खरं काय ते सांगा."

"आठवण काढली की ती काही मिनिटं ओल्या मातीसारखी होते, मग पुन्हा घट्ट बसते," मुकादम म्हणाले. "आपण ती ओली असतानाच उचलतो. मेंदूत घट्ट बसायला मग काही उरतच नाही. आपण नक्कल काढतोय असं वाटत होतं. निघते ती अस्सल."

"आणि उद्या दहा वाजता ती आईवरच्या चित्रपटाला बसणार आहे!" वासंतीबाईंनी हात पुढे केला. "द्या तो टोप. नियामक मंडळाला हे कळलंच पाहिजे. कागदावरचं कोणीही खोटं ठरवील, स्मृतिमुद्रा कोण नाकारील?"

हा संस्थेचा दंडकच होता. कागदाला तिथे कोणी विचारत नसे.

मुकादमांनी टोप दिला नाही. "आपल्या कथास्पर्धेत दर वर्षी जिची कथा येते ती निनावी लेखिका कोण, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तिचं काय आत्ता? तीन वर्षं तेच दळण दळतेय. संस्थेतल्या लोकांच्या आठवणी जातात, संचालिकेला ते कळतं. कल्पना झकास, म्हणून पहिल्या वर्षी मीच बक्षीस दिलं. ती संचालिका मग टोप मागते आणि..."

बोलता बोलता त्या थांबल्या. शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तीन वेळा अशाच धावत आलात," मुकादम म्हणाले. "सगळं यंत्राला सांगितलंत, ते शब्दांत उमटलं, मी ते निनावी कथा म्हणून पाठवून दिलं. आणि तुम्ही उठून मला विचारलंत, मी इथे कशाला आले होते?"

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो. अख्खं आयुष्य घातलंय मी यात. पण आज मीही सभागृहात होतो. तिचा तो प्रश्न माझ्याच्यानं ऐकवला नाही."

वासंतीबाईंना त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चालू वर्षाच्या यशाची यादी त्यांना तोंडपाठ होती. त्यातली एकेक ओळ कोणाच्या तरी घरातून उचलून आणलेली होती.

"यंत्राची वीज तोडा," त्या म्हणाल्या, "आणि मला पेन द्या."

मग त्यांनी शाल्मलीला फोन लावला.

"तुझ्या आईचं नाव काय गं?"

"शेवंती," शाल्मली हसली. "का हो बाई?"

वासंतीबाईंना रडू फुटलं. ते आवरून त्या म्हणाल्या, "उद्या इथे येऊ नकोस. घरी जा. तुझे वडील कसे होते, ते तिला विचार."



"बाई, तो म्हातारा..."

"हो," वासंतीबाई म्हणाल्या, "तोच."