साधं पाणी

पाण्याच्या मशीनपाशी दोघांचे हात एकदमच नळावर गेले.

"तुम्ही आधी," तो म्हणाला. "तुमची तहान मोठी दिसतेय."

ती लाजली... आणि तिथेच फसली. वर्तमानपत्राच्या कचेरीत ती मुद्रितं तपासायची. तो नवा आलेला, समोरच्याच टेबलावर पानं लावायचा. त्या दिवसापासून स्वतः पाणी प्यायला उठला, की तिच्यासाठीही ग्लास भरून आणू लागला. न मागता, हसत हसत. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

आता याला सांगायचं तरी कसं? तिचं मोठं आतडं आजारपणात काढून टाकलं होतं. सैल कुडत्याखाली, पोटावर मळ साठवणारी पिशवी होती. नुसतं पाणी नको, मीठ-साखरेचंच प्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या पहिल्या दिवशीही ती मीठ-साखर घातलेली बाटली भरायलाच मशीनपाशी गेली होती. शरीरातलं एक संप्रेरक आतड्याला हुकूम सोडतं, मीठ धरून ठेव. मिठामागोमाग पाणी आपसूक येतं. पण तो हुकूम नीट मनावर घेणारं आतडंच तिच्यापाशी उरलं नव्हतं. साधं पाणी बाहेर पडताना अंगातलं मीठही घेऊन जायचं.

ग्लास नाकारायचा, तर कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगितलं, की हे हसणं संपलंच! ठरत आलेल्या एका स्थळाने पिशवीचं नाव ऐकताच काढता पाय घेतला होता.

"आज चेहरा का उतरलाय?"

"पाणी उशिरा आलं ना!"

"चुकलो, बाईसाहेब. हे घ्या!"

ती प्यायची. पायांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, तहान आणखीच भडकायची. तो आणखी भरून आणायचा.

एका दुपारी ती टेबलावरच कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि उशाशी खुर्चीत तो. आईने रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलं होतं. संपलं! तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माझ्याच हातांनी मी तुला..." तो सलाईनकडे बघत म्हणाला. "एकदा तरी नको म्हणायचंस! का पीत राहिलीस?"

"तू आणत होतास म्हणून."



"पिशवीचं मला काही नाही गं. पण... त्या पळून गेलेल्यासारखाच वाटलो मी तुला?"

तो उठला, तसे तिने डोळे घट्ट मिटून घेतले. जाऊ दे. जायचाच होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. खुर्ची पलंगाला भिडवून तो पुन्हा बसला होता.