लिनोबाबांच्या तोंडची वाक्यं

कल्पिता सोनवणेनं पाळक व्हायच्या वाटेवरची पहिलीच प्रार्थना भलत्या माणसासाठी केली, आणि तीही डोळे मिटून, अगदी मनापासून.

तिला जायचं होतं मधुकाकांकडे. मधुकाका तिच्या कोपरीतल्या चर्चचे जुने सभासद. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ठाण्यातल्या हॉस्पिटलात खाट क्रमांक अकरा. खाटेवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून, डोक्यापर्यंत चादर ओढून झोपलं होतं. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये, असं तिच्या अभ्यासाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. म्हणून तिनं हळूच चादरीवर हात ठेवला.

“प्रभू, यांची जखम भरून येऊ दे. यांना पुन्हा आपल्या पायांवर चालव. या वयात माणूस कंटाळतो, यांना धीर दे...”

“आमेन,” चादरीतून आवाज आला. “पण वय एकोणतीस आहे. आणि पाय ठीक आहेत माझे.”

मधुकाका सकाळीच घरी गेले होते. आता ही खाट बाळकुमच्या लिनो परेरांची होती आणि त्यांना एक्स-रेला नेलं होतं. त्यांचा मुलगा ज्युलियस रात्रपाळी करून तसाच इथं आला होता. रिकामी खाट बघून त्याला मोह आवरला नाही, एवढंच.

“मग मला थांबवलं का नाहीत?” कल्पिताचे कान तापले होते.

“इतकं चांगलं चाललेलं... मध्येच कसं तोडायचं?”

तेवढ्यात लिनोबाबांची चाकाची खुर्ची आली. खाटेवर मुलगा आणि शेजारी अनोळखी मुलगी बघून म्हाताऱ्यानं भुवया उंचावल्या. “कोण गो तू?”

“पपा, तुमच्या वाटणीची प्रार्थना मी घेतली,” ज्युलियस खाटेवरून उतरत म्हणाला.

“मंग मना दुसरी दे,” लिनोबाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

कल्पिता सत्तावीस वर्षांची. दिवसभर डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि उरलेल्या वेळात पाळक व्हायचा अभ्यास करायची. शिकवणारी संस्था लांबची. पुस्तिका कुरियरनं यायच्या, शनिवारी मोबाइलवर लेक्चर असायचं. प्रत्यक्ष काम शिकवायला मात्र आपल्याच चर्चमधला एक जाणता माणूस लागायचा. तिच्यासाठी ते होते पाळकसाहेब आनंद रणभिसे. आजारी माणसांच्या चाळीस भेटी घ्यायच्या आणि प्रत्येक भेटीचा शब्दशः वृत्तांत त्याच दिवशी लिहायचा, असा नियम होता. कागदावर दोन रकाने, ‘मी’ आणि ‘रुग्ण’. जे बोललं गेलं तेच लिहायचं, साजशृंगार करायचा नाही.

चाळीस भेटी, मग परीक्षा, मग जानेवारीत पाळक म्हणून मोहने. कल्याणजवळच्या मोहन्यात एका छोट्या ख्रिस्ती मंडळीला दोन वर्षं पाळक नव्हता. एकदा रविवारची उपासना घ्यायला ती तिथं गेली होती. पेटीवाला आला नव्हता, तर सतरा-अठरा माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर गायली. त्या दिवसापासून तिचा जीव मोहन्यात अडकला होता. दुसरं काही तिला नकोच होतं.

“रुग्ण कॅथलिक आहेत, आपण प्रोटेस्टंट. चालेल?” तिनं पाळकसाहेबांना विचारलं होतं.

“मोडलेला खुबा कुठल्या पंथाचा असतो?” ते म्हणाले. “जा.”

ती जात राहिली. लिनोबाबा घरी आल्यावर बाळकुमला जाऊ लागली. टॉवरांच्या मधोमध परेरांचं बैठं घर अजून टिकून होतं, आणि संध्याकाळी खाडीवरून येणारा खारट वारा थेट ओटीवर यायचा. ज्युलियस त्याच टॉवरांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. तिथं पूर्वी लिनोबाबा भात लावायचे. “पोरगा माझ्याच शेतावर कामाला जातं,” ते कुणालाही सांगायचे. बायको जाऊन त्यांना सात वर्षं झाली होती. घरात ही दोघंच, त्यामुळे चहा ज्युलियस करायचा आणि आलं जरा जास्तच घालायचा.

“तुम्ही घरी जाऊन हे सगळं लिहिता?” एकदा कप पुढे करत त्यानं विचारलं.

“शब्द न् शब्द.”

“मी बोलतो तेपण?”

“दोनच रकाने आहेत. मी आणि रुग्ण.”

“मग... आजारी पडू?”

तिनं चहाचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली, पण हसू काही लपलं नाही.

“तुम्ही हसू आवरायला बघता ना,” तो शांतपणे म्हणाला, “तेव्हा उजवा गाल आधी फितूर होतो.”

हे वाक्य ती बाळकुमहून डोंबिवलीपर्यंत जपून घेऊन आली. आणि कागदासमोर बसल्यावर तिची पंचाईत झाली. गाळावं, तर जे बोललं गेलं ते लिहायचा नियम. लिहावं, तर ज्युलियसला रकाना नाही. खरं सांगायचं तर नियमाचं निमित्त होतं. ते वाक्य तिला आपल्या हातानं लिहून बघायचं होतं. पेन घुटमळलं... आणि तिनं ते लिनोबाबांच्या रकान्यात टाकलं. एकच तर वाक्य. पण वाक्यांना पाय फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या भेटीत तीन आली, त्याच्या पुढच्या भेटीत अर्धं पान.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तिला ऑफिसात बसवलं आणि लिनोबाबांच्या भेटींच्या नऊ वृत्तांतांचा गठ्ठा पुढे ओढला.

“रुग्ण, वय एकाहत्तर, खुब्याचं हाड मोडलेलं,” त्यांनी चष्मा चढवला. “म्हणतात, ‘तुम्ही हसू आवरायला बघता ना, तेव्हा उजवा गाल आधी फितूर होतो.’” पान उलटलं. “‘शनिवारी तुमचं लेक्चर असतं, म्हणून मला शनिवारच आवडत नाही.’ कल्पिता, एक तर लिनोबाबांना आवरायला हवं, नाहीतर...”

कल्पिता फरशीकडे बघत राहिली. “त्यांचा मुलगा,” ती कशीबशी म्हणाली.

पाळकसाहेब हसले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्रेमात पडलीस, त्याला कुठल्याच पुस्तिकेत शिक्षा नाही. पण म्हातारा जे कधी बोललाच नाही, ते तू त्याच्या नावावर लिहिलंस. मग तो स्वतः काय म्हणत होता?”

तिनं आठवायचा प्रयत्न केला. लिनोबाबा दोनदा म्हणाले होते, संडासाकडे जाताना भीती वाटते. दोन्ही वेळा तिचं लक्ष स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाकडे होतं. ते वाक्य एकाही कागदावर नव्हतं. तिला एकदम रडू आलं.

“ज्युलियसची वाक्यं गाळून हे पुन्हा लिहिलं तर...” ती डोळे पुसत म्हणाली आणि मध्येच थांबली. कागद साफ झाला असता. जानेवारी हातचा गेला नसता. आणि मोहन्यातल्या अठरा माणसांसमोर ती हा साफ केलेला कागद घेऊनच उभी राहिली असती.

“माझं लाल पेन घे,” पाळकसाहेब म्हणाले. “काय करायचं ते तू ठरव.”

तिनं नऊच्या नऊ भेटी खोडल्या आणि संस्थेला खरं कारण कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं: नऊ भेटी नव्यानं कराव्यात, परीक्षा आता जूनमध्ये.

त्या शनिवारी लेक्चर बुडवून ती बाळकुमला गेली. आधी तासभर लिनोबाबांजवळ बसली आणि फक्त ऐकलं. पुन्हा पडलो आणि घरात कोण नसला तर काय, हेच ते चारदा बोलले, नि चारही वेळा तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग ती बाहेर ओटीवर आली.

“पुढच्या आठवड्यापासून पपांकडे पाळकसाहेब येतील,” तिनं ज्युलियसला सांगितलं. “मी येणार नाही.”

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. “माझं काही चुकलं?”

“तुझं नाही.” तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. “तुझी वाक्यं मी पपांच्या तोंडी घातली.”

तिनं सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग तिचा चेहरा बघून त्यानं कप खाली ठेवला. आतून लिनोबाबांच्या वॉकरची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“मोहन्याच्या लोकांना सांगितलंस?”

“नाही. पाळकसाहेब सांगतो म्हणालेत. मला... तोंड दाखवायचा धीर नाही.”

“उद्या चर्चमधली माझी मिस्सा आठला सुटते,” तो म्हणाला. “साडेआठला निघू.”

“तू कशाला?”

“बाइक माझी आहे ना.”

मोहन्याची मंडळी एका पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर जमायची. उपासना संपल्यावर कल्पिता उभी राहिली. अभ्यासात आपण काय लबाडी केली, कशामुळे केली, हे तिनं नाव न घेता पण काही न झाकता सांगितलं. आता जानेवारीत येता येणार नाही. तोवर दुसरा कोणी पाळक मागितलात तर माझी तक्रार नाही, असंही म्हणाली.

मग खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या मंदाकिनीबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “म्हणजे जून उजाडेल?”

“हो, बाई.”

“दोन वर्षांत पुष्कळ जण येऊन उपासना घेऊन गेले. आपण चुकलो म्हणून सांगायला इथवर कोणी आला नव्हता.” त्यांनी बाकीच्यांकडे एक नजर फिरवली. माना हलल्या. “थांबू आम्ही. पण आता लिहिताना जसं असेल तसंच लिही. आणि काय गं, तो दारात हेल्मेट घेऊन उभा आहे, तो कोण?”

रुग्णाचा मुलगा, असं म्हणता आलं असतं. बाइकवर सोडायला आलाय, असंही. दोन्ही खरं होतं. कल्पितानं दाराकडे पाहिलं. बाहेरच्या उन्हामुळे ज्युलियसचा चेहरा नीट दिसत नव्हता. आज तिला अर्धं सांगून घरी जायचं नव्हतं.

“हा ज्युलियस,” ती म्हणाली. “ती वाक्यं याची. कॅथलिक आहे, मिस्सा सोडणार नाही. मी हे काम सोडणार नाही. आणि मला याच्याशी लग्न करायचंय... फक्त, त्याला अजून विचारलेलं नाही.”

अठरा माना एकदम दाराकडे वळल्या.

“मग विचार की,” ज्युलियस म्हणाला, आणि बूट काढून आत आला.